चिठ्ठीतलं नाव

"सावकाश सांगा, काका. मी ऐकतेय," ऑपरेटरबाई म्हणाल्या आणि रिसीव्हर खांद्याने कानाशी दाबून धरत त्यांनी कोरी चिठ्ठी पुढे ओढली.

पलीकडे म्हातारा घसा खाकरत होता. त्याच्या मागे कुठेतरी पाण्याचा पंप चालू असावा. घरघर मध्येच वाढे, मध्येच विरे.

"मी सुतार आहे बाई. म्हणजे होतो. हात अजून चालतात, डोळे चालत नाहीत."

"हं."

"मुलगी गेली माझी. मेली नाही, निघून गेली. अकरा वर्षं झाली. भांडण झालं आमचं. चूक माझी होती, ते पण लिहा."

बाईंनी तेही लिहिलं.

"काय नाव लेकीचं?"

"नाव तिच्या आजीनं भलंमोठं ठेवलेलं. ते शाळेच्या दाखल्यावरच राहिलं. मी तिला..." पंपाची घरघर एकदम वाढली. "...लपी म्हणायचो. अजून म्हणतो, घरात एकटा असलो की."

शेजारचा दुसरा फोन वाजायला लागला होता. बाईंनी 'कल्पी' असं लिहिलं. कल्पना असेल, म्हणून कल्पी. एरवी त्यांनी पुन्हा विचारून घेतलं असतं. सव्वीस वर्षं इस्पितळाच्या एक्स्चेंजवर बसलेली बाई, ऐकलेलं पडताळून घेतल्याशिवाय पुढे जायची नाही. पण दुसरा फोन थांबत नव्हता.

"पुढच्या मंगळवारी डोळ्यांचं ऑपरेशन आहे," सुतार सांगत होता. "आतला दाब वाढलाय. डॉक्टर म्हणाले, आत्ता केलं तर आहे तेवढी नजर टिकेल. उशीर केला तर गेलेली परत यायची नाही. परगावी जायचंय, पंधरा दिवस तिथंच राहायचंय. मला एवढंच मागायचंय बाई, की ती आली तर मला दिसावी. बाकी देवाची मर्जी."

"तुमच्यासाठी प्रार्थना होईल, काका. रविवारी उपासनेला या," बाई म्हणाल्या. हे वाक्य प्रत्येकाला सांगायचंच असे. त्यांनी चिठ्ठीची घडी घातली, ती डिंकाने चिकटवली आणि भिंतीवरच्या लाकडी पेटीत टाकली.

बाई ज्या धार्मिक मंडळीत होत्या, तिथे त्या खोलीला 'प्रार्थनेची खोली' म्हणत. तीन फोन, तीन बायका, मध्ये प्लायवूडचे पडदे. नियम तीनच होते. ऐका, लिहा, पेटीत टाका. स्वतः प्रार्थना करायची नाही, ती वरच्या मजल्यावर होते. मंडळीचे प्रमुख, ज्यांना सगळे थोरले बंधू म्हणत, आणि चार वडीलजन न उघडलेल्या चिठ्ठ्यांवर हात ठेवतात आणि मग त्या जाळून टाकतात, असं बाईंना पहिल्या दिवशी सांगण्यात आलं होतं. बाईंना ते फार आवडलं होतं. कुणाचं दुःख कुणी वाचू नये, हे त्यांना इस्पितळात राहून पक्कं ठाऊक होतं.

चार वर्षांपूर्वी नवरा गेला आणि त्याच वर्षी बाई निवृत्त झाल्या. मुलगी आणि जावई आधीपासून या मंडळीत होते. जावई उपासनेत वाद्य वाजवी, मुलगी लहान मुलांचा वर्ग घेई, दोघं मंडळीच्याच आवारातल्या इमारतीत राहत. थोरल्या बंधूंनी बाईंनाही तळमजल्यावर एक खोली दिली. पलंग, टेबल, खिडकीत एक कुंडी. समोरच दुसऱ्या मजल्यावर लेकीचं घर, त्यात पाच वर्षांची नात. आणखी काय हवं माणसाला, असं बाई ओळखीच्यांना सांगत. ओळखीचे हळूहळू कमी होत गेले. मंडळीबाहेरच्या माणसांत फार मिसळू नये, अशी तिथली शिकवण होती.

एकच गोष्ट बाईंना मनातून खात असे. इथे सगळ्यांना देव काही ना काही सांगत असे. कुणाला स्वप्नात, कुणाला भांडी घासताना. बाईंना त्याने आयुष्यात एक शब्द सांगितला नव्हता. एक्स्चेंजवर पहाटेची पाळी असली की पहिला फोन येण्याआधी दहा-बारा मिनिटं मोकळी मिळत. त्या कानाला यंत्र लावून नुसत्या बसत. तारेतून एक बारीक गुणगुण येई, बाकी काही नाही. त्या शांततेत त्यांना कायम वाटे, पलीकडे कुणीतरी आहे आणि ते ऐकतंय. बोलत नाहीये, ऐकतंय. नवऱ्याच्या आजारात त्या तिथे बसून जे बोलायचं ते मनात बोलून घेत आणि मग दिवसभर दुसऱ्यांचे फोन जोडत. एवढीच त्यांची देवाशी ओळख. मंडळीत साक्ष द्यायची वेळ आली की त्या खाली बघत. एवढ्याशा ओळखीची काय साक्ष द्यायची?

रविवारी सभागृह भरलं होतं. बाई नेहमीप्रमाणे मागच्या रांगेत बसल्या. गाणी झाली, जावयाने वाद्याचा सूर हळू केला आणि थोरले बंधू डोळे मिटून मंचावर उभे राहिले. पन्नाशीचा माणूस, साधा पांढरा सदरा, आवाजात माया. ते कधी ओरडत नसत. म्हणून तर लोकांचा जीव त्यांच्यावर जडे.

"इथे एक बाप बसलाय," ते म्हणाले. "त्याच्या हातांना लाकडाचा वास आहे. अकरा वर्षं तो दाराकडे बघतोय. बाबा, उभे राहा."

डाव्या बाजूला एक म्हातारा चाचपडत उठला. बाईंनी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. उंच, खांद्यात वाकलेला, इस्त्रीच्या कपड्यांत अवघडलेला. त्याच्या तोंडासमोर कुणीतरी माइक धरला.

"मला एक मुलगी दिसतेय. वडिलांशी भांडून गेलेली. देव मला तिचं नाव ऐकवतोय." थोरले बंधू थांबले, मान किंचित कलती केली. "कल्पी. कल्पी म्हणायचात ना तुम्ही तिला?"

सभागृहातून एक सुस्कारा फिरला. म्हातारा गोंधळला.

"ढलपी," तो माइकमध्ये म्हणाला. "ढलपी म्हणायचो जी. लहानपणी माझ्याजवळच खेळायची, रंध्याखालच्या ढलप्या केसांत अडकलेल्या असायच्या, म्हणून..."

मग थोरले बंधू हसले, अगदी प्रेमाने.

"बाबा, तुम्ही तिला लाकडाचं नाव दिलंत. देवाने तिला त्याचं नाव दिलंय. तो तिला कल्पी म्हणून हाक मारतो. कोणतं खरं?"

म्हाताऱ्याने माइक चाचपला. "कल्पी," तो म्हणाला. "कल्पीच. माझंच चुकत असेल."

"चाळीस दिवसांच्या आत ती तुमच्या दारात येईल. दार सोडून हलू नका. वैद्य काय म्हणतो, जग काय म्हणतं, ऐकू नका. दार बंद दिसलं तर ती परत फिरेल."

लोक रडत होते, हात वर करत होते. मागच्या रांगेत ऑपरेटरबाईंचे हात मांडीवरच राहिले. पंपाची घरघर त्यांच्या कानात पुन्हा सुरू झाली होती. ढलपी. तो ढलपी म्हणाला होता. कल्पी त्यांनी लिहिलं होतं, घाईत, दुसरा फोन वाजतोय म्हणून.

देवाला चिठ्ठी वाचावी लागत नाही. आणि समजा वाचलीच असती, तर बाईंची चूक त्याने कशी केली असती?

घरी येऊन त्या पलंगावर बसून राहिल्या. एकेक आठवायला लागलं. पोटात गाठ असलेली शिक्षिका. भावाशी अबोला धरलेला छापखानेवाला. थोरल्या बंधूंनी त्यांची गुपितं मंचावरून सांगितली तेव्हा बाई धाय मोकलून रडल्या होत्या, की देव एवढा जवळ आहे. त्या गुपितांचा शब्द न् शब्द आधी बाईंच्याच हातून कागदावर उतरला होता. चार वर्षं त्या स्वतःच्याच अक्षराला रडत होत्या.

सोमवारी सकाळी त्या कार्यालयात गेल्या. थोरल्या बंधूंची बायको तिथलं सगळं पाहत असे, सगळे तिला वहिनी म्हणत. टेबल स्वच्छ, त्यावर पाण्याचा तांब्या, एक फूल.

"बसा ना, मावशी. चहा सांगू?"

"चिठ्ठ्या वर उघडतात का?" बाईंनी उभ्यानेच विचारलं.

वहिनींच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. "कोण म्हणालं?"

"कल्पी मी लिहिलं होतं. चुकून. त्या माणसानं ढलपी सांगितलेलं, मला फोनवर नीट ऐकू आलं नाही."

वहिनींनी टेबलावरचं पेन उचलून सरळ ठेवलं. "डॉक्टर रिपोर्ट वाचून औषध देतो, मावशी. म्हणून काय तो डॉक्टर नाही?"

"डॉक्टर असं सांगत नाही, की देवानं येऊन कानात सांगितलं."

"तुम्ही लिहिता तो हात कुणाचा? देवानंच दिलाय ना? मग देवाचंच काम झालं की ते. लोक रडत येतात, हलके होऊन जातात. एवढं चांगलं दुसरीकडे कुठं होतं, सांगा मला."

वहिनींचं बोलणं असंच असे. ऐकताना सगळं पटायचं, बाहेर आल्यावर श्वास कोंडायचा.

"त्याचं उद्या ऑपरेशन आहे," त्या म्हणाल्या. "आज दुपारच्या गाडीने गेला नाही तर डोळे जातील."

"तो जाईल की राहील, ते त्याचा विश्वास ठरवेल. आपण कोण?" वहिनी उठल्या आणि बाईंच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. "संशय फार वाईट, मावशी. माणूस एकटं पडतं. शिंपीणबाईंचं पाहिलंत ना?"

शिंपीणबाईंचं सगळ्यांनी पाहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्या मंडळी सोडून गेल्या. त्यांची सख्खी बहीण अजून आवारात राहत होती आणि रस्त्यात समोर आल्या तर मान खाली घालून पलीकडच्या बाजूला जात होती.

"नात काय गोड गाते हो तुमची," वहिनी दारापर्यंत पोचवायला येत म्हणाल्या. "यंदा तिला पुढच्या रांगेत घ्यायचं म्हणताहेत."

बाई जिना चढून लेकीकडे गेल्या. लेक स्वयंपाकघरात भाजी चिरत होती, नात बाहेरच्या खोलीत भिंतीला पाठ लावून चित्रं रंगवत होती. बाईंनी दार लोटून घेतलं आणि हलक्या आवाजात सगळं सांगितलं. लेकीची सुरी थांबली नाही.

"ऐकतेस ना?"

"मला माहीत आहे, आई."

"काय माहीत आहे?"

"चिठ्ठ्या हेच लावतात. शनिवारी दुपारी, वर बसून. कामाच्या वेगळ्या काढतात, बाकीच्या जाळतात." तिने चिरलेली भाजी पातेल्यात लोटली. "लग्नानंतर सहा महिन्यांनी कळलं मला."

"आणि मला त्या खोलीत बसवलंस?"

"तुझा आवाज चांगला आहे म्हणून त्यांनी मागितलं तुला. मी नाही म्हणाले असते तर का म्हणून विचारलं असतं."

"मग तू कशी राहतेस इथं?"

लेकीने पहिल्यांदाच वर पाहिलं. रडत नव्हती. रडून झालेल्या माणसासारखा कोरडा चेहरा होता. "कुठे जाऊ, आई? घर त्यांचं. ह्यांचं काम त्यांचं. मी गेले तर पोरीला माझ्याबरोबर सोडतील? शाळेत जाताना ती मला विचारते, बाहेरची माणसं वाईट असतात ना गं? मीच शिकवलंय तिला वर्गात." ती पुन्हा वळली. "तू काही करू नकोस. तुझ्या पाया पडते. तू काही केलंस तर माझ्याकडेच बघतील सगळे."

बाई खाली आल्या. घड्याळात सव्वाबारा झाले होते. परगावची गाडी दोनची, हे सुताराने फोनवर सांगितलं नव्हतं, पण डोळ्यांचं मोठं इस्पितळ होतं त्या गावी जाणारी दुपारची गाडी एकच होती. नंबर शोधावा लागला नाही. फोन घेताना विचारून घेतलेला नंबर बाईंच्या डोक्यातून जात नसे. इमारतीच्या मागे पाण्याच्या टाकीजवळ जाऊन त्यांनी तो लावला.

"काका, मी बोलतेय. मागच्या मंगळवारी तुमचा फोन मी घेतला होता."

"ओळखला आवाज. बोला बाई. सकाळपासून दार उघडं टाकून बसलोय."

"तुम्ही ऑपरेशनला जा."

"थोरले बंधू म्हणाले, हलू नको."

मग बाईंनी सांगितलं. चिठ्ठी, पेटी, पंपाचा आवाज, ढलपी आणि कल्पी. एक्स्चेंजवर वाईट बातमी द्यायची तशी त्यांनी ती दिली, न थांबता, शब्द न वाढवता.

"म्हणजे ती येणार नाही?"

"येईल की नाही ते मला माहीत नाही, काका. त्यांनाही माहीत नाही. देवाला माहीत असेल, पण त्याने ते कुणाला सांगितलेलं नाही."

"कशाला सांगितलंत मला हे?" म्हातारा रागाने बोलत नव्हता. अंगावरचं पांघरूण कुणीतरी ओढून नेल्यासारखा त्याचा आवाज झाला होता. "अकरा वर्षांत काल पहिल्यांदा पोटभर जेवलो मी."

"डोळे जातील तुमचे."

"ती यायचीच नाही तर डोळ्यांचं काय करू?" तो म्हणाला आणि फोन ठेवला.

संध्याकाळच्या आत बाईंना वर बोलावणं आलं. सुताराने मंडळीत फोन करून विचारलं होतं, की तुमची बाई सांगते ते खरं का? तो फोन स्वतः थोरल्या बंधूंनी घेतला होता. म्हातारा ऑपरेशनला गेला नव्हता.

वरच्या मजल्यावर बाई पहिल्यांदाच येत होत्या. लांब टेबल, चार वडीलजन, कोपऱ्यात कागद जाळायची लोखंडी बादली. जावई खिडकीशी उभा होता आणि बाहेर बघत होता. थोरल्या बंधूंनी बाईंसाठी स्वतः खुर्ची सरकवली.

"मी रागावलेलो नाही," ते म्हणाले. "मला फक्त समजून घ्यायचंय. तुम्हाला देवाचा आवाज कधी आलाय, बाई?"

"नाही."

"कधीच नाही?"

"नाही."

"मग माझा खोटा आहे, हे कशावरून ठरवलंत?"

प्रश्न बरोबर होता. बाईंनी मांडीवरच्या हातांकडे पाहिलं. चारी वडीलजन वाट बघत होते.

"आवाज नाही आला," त्या सावकाश म्हणाल्या. "पण मी त्याच्याजवळ बसत होते. पुष्कळ वर्षं. तिथं मला कधी भीती वाटली नाही. चुकले तरी वाटली नाही. इथं आले त्या दिवसापासून वाटतेय. आधी मला वाटलं, हीच देवाची भीती. पण ती तशी नाही. ही खोली जाईल, लेक बोलणार नाही, नात भेटणार नाही, ह्याची भीती आहे ही. देव असली भीती घालत नसावा."

थोरले बंधू बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. त्या नजरेत काय होतं ते बाईंना नंतरही नीट सांगता आलं नसतं. एका क्षणी तर असं वाटलं, की हा माणूस आता काहीतरी खरं बोलेल. मग वडीलजनांपैकी एकजण खोकला आणि तो क्षण गेला.

"म्हाताऱ्याची मुलगी परत येईल त्या दिवशी तुम्ही मंडळीसमोर उभं राहून क्षमा मागायची," थोरले बंधू म्हणाले. "तोपर्यंत मौन. कुणाशी एक शब्द नाही. फोनवर बसायचं नाही. दाराशी बसून गीतांची पुस्तकं वाटायची. खोली तुमचीच आहे. आम्ही कुणाला बाहेर काढत नाही."

फाटक दाखवलं असतं तर बरं झालं असतं, असं बाईंना जिना उतरताना वाटलं. पण नातीचा आवाज ऐकू येईल एवढ्या अंतरावर राहायचं, तर हे कबूल करणं भाग होतं. त्यांनी कबूल केलं.

मौन म्हणजे नुसतं न बोलणं नव्हतं. बाई समोरून आल्या की बायका बोलता बोलता थांबत. जावई मान वळवी. लेक जेवणाचा डबा दाराबाहेर ठेवून जाई, टकटक करून, पण दार उघडेपर्यंत थांबत नसे. सव्वीस वर्षं ज्या बाईच्या आवाजावर डॉक्टर, नर्सा, रात्रभर बाकावर बसलेले नातेवाईक विसंबले, त्या बाईचा आवाज घशातच सुकत चालला. एकदा कुंडीला पाणी घालताना त्या स्वतःशी "पुरे" म्हणाल्या आणि आवाज एवढा घोगरा निघाला, की दचकल्या. निघून जाण्याचा विचार रोज येई. कपड्यांची पिशवी त्यांनी दोनदा भरली, दोनदा रिकामी केली. वर्गाची घंटा वाजली की खालून मुलांची रांग जाई, आणि रांगेतली ती एक वेणी दिसेपर्यंत त्या खिडकीतून हलत नसत.

देवाजवळ मात्र त्या पुन्हा बसायला लागल्या. यंत्र नव्हतं, गुणगुण नव्हती. पलंगाच्या कडेला नुसत्या बसत. आधी काही दिवस काहीच वाटलं नाही. मग एका सकाळी लक्षात आलं, की या आवारात आपल्याशी न बोलणारे बाकी सगळे हुकमाने गप्प आहेत; कुणी न सांगता, न बोलता आपल्याजवळ बसणारा तोच एक आहे.

चाळीस दिवस झाले. त्यानंतरच्या रविवारी थोरल्या बंधूंनी धीरावर प्रवचन ठेवलं होतं, देवाचे दिवस माणसाच्या बोटांवर मोजायचे नसतात, असा विषय. सुताराचं नाव कुणी काढत नव्हतं.

बाई दाराशी बाकावर बसून पुस्तकं देत होत्या. गर्दी आत गेली, पहिलं गाणं सुरू झालं, आणि फाटकातून एक माणूस काठीने जमीन चाचपत आला. उंच, खांद्यात वाकलेला. पायऱ्यांपाशी येऊन तो थांबला आणि आवाजाच्या दिशेने तोंड करून उभा राहिला.

"इथं कुणी आहे का?" त्याने विचारलं. "फोनवर एक बाई असायच्या. त्यांना भेटायचंय."

वहिनी दारात आल्या होत्या. त्यांनी बाईंकडे पाहिलं आणि बोट ओठांवर ठेवलं, लहान मुलाला सांगावं तसं.

"चार पायऱ्या आहेत, काका," बाई म्हणाल्या. "उजवीकडे कठडा आहे. धरून या."

म्हातारा जागच्या जागी थबकला. मग कठडा धरून एकेक पायरी चढला आणि बाकावर त्यांच्याशेजारी बसला. जवळून त्याचा डावा डोळा दिसत होता, ढगाळलेला, कुठेच न बघणारा.

"मीच सांगितलं त्यांना," तो म्हणाला. "तुमचं नाव मीच घेतलं. राग आला होता."

"कळलं मला."

"तुमच्यावर काय आलं?"

"काही नाही. बसून असते."

त्याने काठीची मूठ चोळली. "चाळीसाव्या दिवशी मी सकाळपासून दारात. दुपारी कुणीतरी आलं, फाटक वाजलं. मला नुसता आकार दिसतो. मी उठून हाक मारली, ढलपी म्हणून. पोस्टमन होता. बिचारा काही बोलला नाही. मला धरून आत नेऊन बसवलं त्याने." तो किंचित हसला. "तेव्हा कळलं बाई, मी कल्पी म्हणालोच नाही. तोंडातून आलंच नाही ते."

आत गाणं संपून दुसरं सुरू झालं होतं. वहिनी दारात उभ्याच होत्या.

"मावशी, तुमचं मौन संपलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"डावा गेला," सुतार बाईंना सांगत होता. "उजव्यात जरासा उजेड आहे. त्याची तारीख परवाची मिळालीय. सोबत माणूस लागतं म्हणाले. माझं असं कुणी नाही. तुम्हाला मी येऊन सांगावं, एवढाही हक्क नाही माझा, पण मी आलो."

"मी येते," बाई म्हणाल्या.

"आधी जरा प्रार्थना करा. लिहू नका कुठं."

बाईंनी मांडीवरची पुस्तकं बाकावर ठेवली आणि त्याचा हात हातात घेतला. तळवा रंध्याने घट्टे पडलेला, खरखरीत होता.

"देवा," त्या म्हणाल्या. घोगरा आवाज हळूहळू त्यांचा स्वतःचा होत गेला. "ढलपी कुठे आहे ते तुला माहीत आहे, आम्हाला नाही. ती असेल तिथं तिच्याजवळ राहा. काकांचा हा एक डोळा राहू दे. नाही राहिला तर त्यांच्याजवळ बस. आम्ही फसलो आणि आमच्या हातून दुसरे फसले. माझ्या हातून झालेलं मला कधीतरी उघड, नीट सांगता येईल असं कर. आमेन."

त्यांनी डोळे उघडले. सुताराचे मिटलेलेच होते.

"काही ऐकू आलं तुम्हाला?" त्याने विचारलं.

"नाही."

"मलाही नाही," तो म्हणाला, आणि त्याच्या खांद्यांमधला ताण सैल झाला.

वहिनींनी काही न बोलता हात पुढे केला. बाईंना क्षणभर उमगलं नाही. मग त्यांनी कमरेला खोचलेली खोलीची किल्ली काढून त्या हातावर ठेवली. कपड्यांची पिशवी आत होती. तेवढी आणू द्या, असं म्हणायचं त्यांच्या ओठांपर्यंत आलं, पण त्या म्हणाल्या नाहीत.

सुताराचा दंड धरून त्या चार पायऱ्या उतरल्या आणि आवार ओलांडायला लागल्या. म्हातारा काठी टेकत लहान पावलं टाकत होता, म्हणून वेळ लागत होता. फाटकापाशी पोचल्यावर बाईंनी वळून वर पाहिलं. नातीला ताप होता, म्हणून लेक त्या दिवशी उपासनेला गेली नव्हती. दोघी दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत उभ्या होत्या. नातीने आजीला पाहिलं आणि ती हात हलवायला लागली.

लेकीने तो हात धरून हळूच खाली घेतला. खिडकी मात्र तिने लावली नाही.